दुसऱ्यासाठी मागायचं पाणी

तात्या बोलायला उठले आणि बाई खुर्चीत सावरून बसल्या.

बाई म्हणजे नदीच्या खालच्या टोकाला असलेल्या शहराच्या पाणीपुरवठा प्रमुख. तात्या म्हणजे मधल्या पट्ट्यातल्या कालवा संघाचे अध्यक्ष. नदी एक आणि तोंडं दोन, त्यामुळे दोघांमध्ये विळ्याभोपळ्याचं सख्य असणं ओघानंच आलं. आणि आज शहराची बाजू मांडायची होती तात्यांनी.

हा नवा नियम नदी मंडळाचा. आजवर बैठकीत जो तो आपलंच घोडं पुढे दामटायचा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. धरणाचं पाणी सोडणारे साहेब हे ऐकून इतके विटले होते, की कोणी काहीही मागो, ते आधी त्यातला तिसरा हिस्सा कापत. मागणारे काही दुधखुळे नव्हते. ते तेवढं आधीच फुगवून मागत. शेवटी मंडळानं ठरवलं, की स्वतःसाठी कोणी तोंड उघडायचं नाही. दुसऱ्याकडे जायचं, हवं ते उघडून बघायचं आणि स्वतःला पटेल तेवढंच त्याच्यासाठी मागायचं.

बाईंनी मात्र जुन्या सवयीनं पंधरा दिवसांचं पाणी लिहून दिलं होतं. खरी गरज दहाची. त्याच्या खाली गेलं तर शहराच्या टाक्या कोरड्या पडणार होत्या, आणि पहिला फटका बसणार होता इस्पितळातल्या डायलिसिसच्या रुग्णांना. बाईंची धाकटी बहीण तिथेच परिचारिका. सकाळी तिचा फोन आला होता. "ताई, आमची मशिनं पाण्यावर चालतात गं, तुमच्या बैठकांवर नाही."

तात्यांनी चष्मा पुसला, घसा खाकरला. घाई म्हणून नाही माणसाला.

"शहरानं पंधरा दिवसांचं मागितलंय," ते म्हणाले. "मी म्हणतो, दहा पुरे."

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. दहातला तिसरा हिस्सा गेला की खेळ खलास. त्या अर्ध्या उठल्याही, पण नियम आठवून पुन्हा खाली बसल्या.

साहेबांची पेन्सिल तयारच होती. "दहा ना? मग सात धरू या."

"सात धरू नका," तात्या म्हणाले, आणि त्यांनी आपली शहरवारी सांगायला घेतली. ते टाकीच्या शिडीवरून वरपर्यंत चढले होते, गळके जोड हातानं चाचपले होते, पंप चालवणाऱ्यांना प्रश्न विचारून हैराण केलं होतं. शेवटी इस्पितळात त्या मशिनांपाशी इतका वेळ उभे राहिले, की एका म्हातारीनं नळ दुरुस्त करायला आलात का म्हणून विचारलं. पंधरातले पाच दिवस निव्वळ हवा आहे, असं त्यांनी बाईंच्या तोंडावर सांगितलं. उरलेल्या दहात मात्र थेंबभरही हवा नव्हती.

साहेब अजून पेन्सिल फिरवतच होते.

"साहेब, मला इतकी वर्षं ओळखता," तात्या म्हणाले. "या बाईंसाठी मी एक थेंब तरी जादा मागेन का?"

खोलीत हशा पिकला. साहेबही हसले, आणि मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. ते काही तात्यांच्या हातून व्हायचं नाही, हे त्यांनी मान्य केलं. दहा म्हणजे पूर्ण दहा. दरवाजे उद्या सकाळी उघडतील.

बाईंचा जीव भांड्यात पडला. टेबलाखाली त्यांनी बहिणीला 'मिळालं' एवढंच लिहून पाठवलं, आणि डोळे भरून आले म्हणून उगाच खिडकीकडे बघितलं. इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. या माणसाचेच आभार मानावे लागणार, याचा थोडा रागही आला होता, पण तोही गोडच होता.

तात्या घाम पुसत बसले आणि त्यांनी आपला कागद बाईंकडे सरकवला.

"चला, आता आमच्यासाठी मागा."

कागदावर तीस दिवस होते. बाई सगळा कालवा पायी फिरून आल्या होत्या. शेवटच्या टोकाची शेतं कापून मोकळी झालीत हे त्यांनी पाहिलं होतं, आणि मधलं उभं पीक वीस दिवसांच्या पाण्याशिवाय जळेल, हेही. त्या उठून उभ्या राहिल्या.

"कालवा संघानं तीस दिवसांचं मागितलंय," बाई म्हणाल्या.

तात्यांनी खुर्चीचे हात गच्च धरले आणि डोळे मिटून घेतले, दात काढून घ्यायला बसलेल्या माणसासारखे.