कोपऱ्यातलं बोट

अभयारण्यात घुबड शोधायचं बायकोने आणि फोटो काढायचा मी, अशी आमची वाटणी होती. मला समोरचं घुबडही वाळकं लाकूडच वाटायचं. ती बोट दाखवायची, मी घाईघाईने बटण दाबायचो आणि घुबडाशेजारी तिचं बोट यायचं. "अगं, बोट मागे घे!" "मग शोध तुझं तू!" असा तीस वर्षं सुखाचा संसार झाला. स्पर्धेला पाठवताना मी प्रत्येक फोटोतलं बोट कापायचो. बक्षीस तरीही दुसऱ्यालाच मिळायचं. ती गेल्यावर लक्षात आलं, अभयारण्यातला तिचा एकही फोटो घरात नाही. काल माळ्यावर एक जुनी निगेटिव्ह सापडली, ती स्टुडिओत नेली. स्टुडिओवाला म्हणाला, "काका, झकास घुबड आहे! कोपऱ्यातलं बोट काढून टाकतो." "नको. बोटच मोठं कर." "मग घुबड फोटोबाहेर जाईल." "जाऊ दे," मी म्हणालो, "तिला ते बरोबर सापडतं."