मुक्याचं मत

आमच्या केंटकीत गव्हर्नर निवडायचा म्हणजे कोर्टाच्या पायरीवर उभं राहून आपल्या उमेदवाराचं नाव सगळ्यांदेखत ओरडायचं. चिठ्ठी चालायची ती फक्त मुक्याची. एका खेपेला ज्या कुळांनी जमीनमालकाला न रुचणारं नाव घेतलं, त्यांची बिऱ्हाडं संध्याकाळी रस्त्यावर आली.

त्याच्या पुढच्या खेपेला माझ्या नवऱ्याने, ओबेडने, मुकाट्याने चिठ्ठी पुढे केली.

"परवापर्यंत तर खेचरांना शिव्या हासडत होतास की रे!" मालक खेकसला.

"तापात वाचाच गेली हो त्यांची, मालक," मी डोळे पुसत म्हणाले.

आमचा उमेदवार पडला तो पडलाच. मालक मात्र धडधाकट आहे, अजून अधूनमधून आमच्या कुंपणाशी येऊन कान टवकारतो.



त्याच वर्षी हिवाळ्यात जन्मलेली आमची लूसिंडा आता शाळेत जाते. बापाचा आवाज तिने अजून ऐकलेला नाही.