चूळ
गेल्या महिन्यात पद्मावतीची नात मालवणीत "माका भूक लागली" म्हणाली, तेव्हा सुनेने तिला पडवीतल्या बेसिनपाशी नेऊन चूळ भरायला लावली होती. "ही घाणेरडी भाषा तोंडात नको. घरात इंग्रजीच." उभा जन्म मासळी विकलेल्या पद्मावतीने नातीचं ओलं तोंड पदराने पुसलं. आज घरच्या होमस्टेत उतरलेल्या पाहुण्यांपुढे त्याच सुनेने लेकीला नथ अडकवून उभं केलं. "पावण्यांका आपली भाषा आयकव गो." पोरीने पाठ केलेलं म्हटलं, "येवा, बसा. तुमका बघून माका बरा वाटला." पाहुण्यांच्या टाळ्या थांबायच्या आत पोर बेसिनपाशी जाऊन चूळ भरू लागली. "हे काय?" पाहुणीने विचारलं. पद्मावतीला कुजक्या बांगड्याचे कल्ले उघडल्यासारखी शिसारी आली. "मालवणी बोललं की आमच्याकडे चूळ भरतात," ती शुद्ध मराठीत म्हणाली आणि भरलेला तांब्या सुनेपुढे धरला. "घे गो, आता तू भर."