परत आलेलं झबलं

पिशवी फोडली आणि आंबूस वास खोलीभर सुटला. नवऱ्याने आतलं झबलं बाहेर ओढलं. पिवळं, गळ्याशी दोन बटणं, तिच्याच हातचं. छातीवर बाळाच्या उलटीचा सुकलेला ओघळ. परत पाठवण्याचं कारण पिशवीवर छापलेलं होतं: 'चुकून मागवलं.'

"चुकून म्हणे! लेकराला मनसोक्त घातलं आणि मग चूक कळली!" शिलाई मशीनवरून ती उठलीच. पैसे तर गिऱ्हाइकाला केव्हाच परत गेले होते. "फेकून द्या आधी ते."

"फेकायला आपण काय नवकोट नारायण लागून गेलो? गरम पाण्यातून काढ, इस्त्री मार, नव्या पिशवीत घाल. पुढच्या ऑर्डरीला खपेल. मागचं नाही का खपलं?"

"मागचं? कुठलं मागचं?"

त्याने जीभ चावली आणि मोबाइल तिच्याकडे सरकवला. "त्याचंच उत्तर द्यायचंय. तूच दे, दुकान तुझ्या नावावर आहे."

नव्या तक्रारीत फोटो होता. तान्ह्या बाळाची मान, पुरळ उठून लालबुंद झालेली, आणि तिच्याखाली हिरव्या झबल्याचा गळा. असंच परत आलेलं ते झबलं तिने फरशी पुसायला काढून ठेवलं होतं. ते कुठे गडप झालं, ते तिला आत्ता कळलं. खाली बाळाच्या आईने लिहिलं होतं: 'कपडा वापरलेला वाटतो. पैसे परत करा आणि खरं काय ते सांगा.'

"लिही, माल नवाच होता," नवरा म्हणाला. "चोर ते चोर, वर शिरजोर असतात ही माणसं. आपली चूक कबूल केलीस तर मेलोच. आणखी एक ठपका आला की कंपनीवाले आपलं ऑनलाइन दुकान बंद करणार आहेत, माहितीये ना?"

माहीत होतं. घर चालायचं ते त्या दुकानावरच. तिने 'माल नवाच' इतकं लिहिलं. पुढे बोट चालेना. तो तोवर नखाने तो ओघळ खरवडत बसला होता. शी! ओघळापेक्षा तिला त्याच्या बोटांचीच किळस आली.

"अहो, मग असं करू या," ती म्हणाली. "हे धुऊन तुमच्या बहिणीकडे पाठवू. ताईंच्या बाळाला अगदी मापाचं होईल."

"डोकं फिरलंय का तुझं?" तो ताडकन उठला. "माझ्या भाचीला कुणाचं उष्टं घालायचं?"

बोलून गेला आणि स्वतःच चपापला. "म्हणजे... तसं नाही गं..." म्हणत त्याने मशीनच्या तेलाची बाटली उगाच इकडची तिकडे केली.

तिने लिहिलेलं पुसलं. पैसे परत करायचं बटण दाबलं. कारणांची यादी उघडली: माप, रंग, उशीर, इतर. 'इतर'वर बोट ठेवून ती भराभर लिहीत गेली: 'ताई, झबलं उष्टं होतं. आमच्याच घरातून तसं गेलं. बाळाला पुन्हा घालू नका.'

"काय लिहिलंस? अगं, काय लिहिलंस?"

"तुम्ही म्हणालात तेच."