काळजाचा नैवेद्य

देशी भुतांना पुण्यात कुणी भीक घालत नाही, म्हणून श्रीधरने आपल्या भयपटासाठी थेट मेक्सिकोतला जुना देव उचलला. अझ्टेक लोकांचा. या देवाला माणसाचं ताजं काळीज खायला लागतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी सूर्यच उगवत नाही. देवाचं काम मार्केट यार्डातले हमाल हिंदुराव यांना मिळालं. सव्वासहा फूट उंची, कपाटाएवढी छाती, वर मोरपिसांचा टोप.

बिबवेवाडीतलं गोडाऊन संध्याकाळी सहापर्यंतच भाड्याने घेतलं होतं. साडेपाचला बीट आणि जेलीचं लिबलिबीत काळीज हिंदुरावांच्या हातात आलं. त्यांनी ते उंच धरलं, डोळे वटारले आणि अशी डरकाळी फोडली की नायिका खरोखरच रडायला लागली.

मग त्यांनी ते काळीज हळूच ताटलीत ठेवून दिलं.

"अहो हिंदुराव, खा ना!" श्रीधर घड्याळ दाखवत ओरडला. "तुम्ही खाल्लं नाहीत तर उद्या सूर्य कसा उगवणार?"

 

"सूर्याचं उद्या बघू, साहेब," देव म्हणाला. "आज संकष्टी हाय. आधी चंद्र तर उगवू द्या."