खिळ्याची बाजू
दारातलं झाड बांधकाम खात्याच्या साहेबांनी रस्त्यासाठी पाडलं, तेव्हा त्याचं खोड मी ठेवून घेतलं. वर्षभर सुकवून लेथवर चढवलं, तर पटाशीला खिळा लागला. पाडायच्या झाडाला नंबराचा पत्रा ठोकतात, त्याचाच. भोवतीचं लाकूड लोखंडाने काळंनिळं पडलेलं. खिळा तसाच ठेवून फुलदाणी पुरी केली. आज नव्या रस्त्याच्या उद्घाटनाला पन्नास फुलदाण्या हव्यात म्हणून तेच साहेब आले. नेमकी तीच उचलली. “आजी, अशाच करा. हिचा तेवढा खिळा काढा, डागावर रंग मारा.” सुनेने कोपराने ढोसलं. “आई, वर्षभराचं काम आहे.” मी म्हटलं, “साहेब, मारायचं तुम्ही आणि वळावर पावडर मी लावायची? दुसरीकडे बघा.” साहेब गेले. “सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही,” सून पुटपुटली. मी फुलदाणी खिडकीत ठेवली. तिने धुसफुसत येऊन खिळ्याची बाजू रस्त्याकडे वळवली.