घंटा

मुलगी झाली होती.

सुईणीने तिला सिबिलच्या कुशीत ठेवलं आणि ती बाहेर गेली.

सिबिलचा नवरा लॉर्ड एडमंड दोन महिन्यांपूर्वी बर्फात अडकलेल्या मेंढ्या सोडवायला गेला, गारठला आणि तापाने गेला. उमरावाने मेंढ्यांमागे धावावं, याचं सगळ्या पंचक्रोशीला हसू यायचं. त्याचे दिवंगत वडील, थोरले लॉर्ड, तर म्हणायचे, "कार्टं मेंढपाळाकडे जन्मायचं, ते चुकून आमच्याकडे आलं!"

आता मुलगा असता तर सगळं त्याचं. नाही, म्हणून सगळं चुलतदीर लायनेलचं. मुलगा झाला की हवेलीच्या प्रार्थनाघराची घंटा वाजायची, मुलीला नाही. ती वाजत नाही ना, याकडे कान लावून लायनेल खाली शेरी पीत बसला होता. पडद्यांची मापं घ्यायला माणूसही घेऊन आला होता मेला!

सासूबाई लेडी ऑनोरियांनी दाराला कडी घातली. त्यांची दासी हेस्टर धुण्याची टोपली घेऊन बर्फातून नुकतीच आली होती. हेस्टर मेंढपाळाची लेक, एडमंडच्याच वयाची, बाराव्या वर्षापासून हवेलीत. बाई सगळ्यांवर खेकसायच्या, हिच्यावर कधीच नाही.

ऑनोरियांनी टोपलीवरची चादर उचलली. आत बाळ झोपलं होतं.

"धोबिणीच्या सुनेचं. मुलगा आहे."

सिबिलला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने लेकीला घट्ट धरलं.

"नाही, आईसाहेब. पाया पडते तुमच्या."

"मग जाणार कुठे आपण? लायनेल आपल्याला कुत्र्यांच्या खोलीतसुद्धा ठेवायचा नाही."

"भीक मागेन. पण हिला देऊन मी जगू कशी?"

"जगता येतं."

"तुम्हाला काय कळणार!" सिबिल किंचाळली. "तुम्हाला मुलगा झाला. तुमच्यासाठी घंटा वाजली!"

दाराबाहेर पहाऱ्याला थांबलेली सुईण हळूच म्हणाली, "बाईसाहेब, लायनेलसाहेब जिना चढतायत. घंटेचं काय सांगू?"

सिबिल रडत होती. रडता रडता तिचे हात सैल पडले. ऑनोरियांनी मुलगी उचलली, टोपलीत ठेवली आणि मुलगा सिबिलच्या कुशीत दिला.

"वाजवा म्हणावं," त्या म्हणाल्या.

हेस्टर टोपली उचलायला वाकली. तिचे मोजे ओलेचिंब होते.

"थांब. बस इथे."

"मी? तुमच्या खुर्चीत, बाईसाहेब?"

"बस म्हणते ना."

म्हातारी गुडघे टेकून खाली बसली. दासीचे बूट काढले, मोजे काढले आणि तिचे पाय दोन्ही हातांत घेऊन चोळू लागली.

"जन्मलीस तेव्हाही असेच गार होते गं," ती म्हणाली. "चोळून जरा ऊब आणते, तेवढ्यात घंटा वाजली."